पंढरीची वाट झाडणारे श्रीगाडगेबाबा

वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीकडच्या माळकऱ्याला कौंडिण्यपूर काही लांब नाही. वर्धा नदी ओलांडली की रुक्मिणीमातेचे माहेर आले. तेथून तिची पालखी पंढरीला निघते आणि नदीच्या दोन्ही तीरांवरची मंडळी तिच्यामागे चालू लागतात. अलीकडचा तीर वर्धा जिल्ह्याचा, पलीकडचा अमरावती जिल्ह्याचा. त्या पलीकडच्या जिल्ह्यात एका परटाच्या घरी असा पुरुष जन्मला की ज्याने हाती खराटा धरला तो आयुष्याच्या शेवटापर्यंत खाली ठेवला नाही. त्या श्रीगाडगेबाबांचे चरित्र आज सांगायचे आहे. बाबांची तसबीर पुष्कळ घरी आहे, त्यांचे नाव तर सर्वांच्या तोंडी आहे. पण पंढरीच्या वाटेवर बाबांनी काय केले आणि त्यामुळे आपणा वारकऱ्यांवर कोणते ऋण राहिले, तेवढे ध्यानी धरून हे चरित्र वाचावे अशी विनंती आहे.

बाबांचे मूळ नाव देबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा, अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावचा. आईचे नाव सखुबाई. घर कष्टाचे, खाऊनपिऊन सुखी होण्याजोगे होते. पण झिंगराजीला दारूचे व्यसन लागले. त्या काळी देवाला बकरे कापायचे, जातभाईंना जेवण घालायचे आणि सोबत दारू पाजायची, अशी रीत होती. देवाच्या नावावर घरात आलेली दारू घरधन्याला घेऊन गेली. देबू तेव्हा जेमतेम आठ वर्षांचा होता. शेवटच्या दिवसांत बापाला पश्चात्ताप झाला आणि या लेकराला बकऱ्यापासून व बाटलीपासून दूर ठेव, असे त्याने सखुबाईला सांगितले, असे चरित्रकार लिहितात. पुढे बाबांनी हजारो कीर्तनांत नवसाच्या बकऱ्यावर आणि दारूवर जो कोरडा ओढला, त्याचे मूळ या मरणात आहे. ऐकीव ज्ञानावर बाबा बोलत नव्हते. त्यांनी ते घरात पाहिले होते.

विधवा सखुबाई पोराला घेऊन माहेरी आली. माहेर दापुऱ्याचे, मूर्तिजापूर तालुक्यातले. आजोबा हंबीरराव आणि मामा चंद्रभानजी यांच्या आधाराला मायलेकरे राहिली. देबू तेथे गुरे राखू लागला. पहाटे उठून गोठा झाडायचा, शेण काढायचे, ढोरे रानात न्यायची, दुपारी सोबतच्या गुराख्यांबरोबर शिदोरी सोडायची. त्या पंगतीत कोण कोणत्या जातीचे हे तो विचारीत नसे. रात्री देवळात भजन असले की मागे बसून टाळ धरायचा. शाळेचे तोंड त्याने पाहिले नाही. थोडा मोठा झाल्यावर नांगर धरू लागला आणि पाहता पाहता मामाच्या घरातला सर्वांत कष्टाळू गडी झाला. १८९२ साली कुंताबाईशी लग्न झाले. संसार लागला, पीकपाणी चांगले येऊ लागले.

मग घरावर दुसरा घाव आला तो सावकाराचा. चंद्रभानजीने जमीन घेण्यापायी कर्ज काढले होते. मामा भोळा, अक्षरशत्रू. पैसे फेडीत गेला, पण पावती कधी घेतली नाही. कागदावर काय लिहिले आहे हे वाचणारे घरात कोणी नव्हते. एक दिवस कळले की कर्ज तसेच उभे आहे आणि वावर सावकाराच्या नावे गेले. त्या धक्क्याने मामा अंथरुणाला खिळला आणि गेला. सावकार माणसे घेऊन वावराचा ताबा घेण्यास आला, तेव्हा देबू नांगर हाकीत होता. त्याने नांगर सोडला नाही. घाम आमचा, पैसा फेडलेला, वावर कसे सोडू, असा त्याचा रोकडा सवाल होता. आलेली माणसे परत गेली आणि पुढे सावकाराला तडजोड करून जमीन सोडावी लागली. वावर वाचले, पण मामा गेला तो गेलाच. एका पावतीच्या चिठोऱ्यापायी घर कसे बुडते हे देबूच्या काळजात कोरले गेले. भांडी मोडा, हातावर भाकरी घेऊन खा, बायकोला लुगडे कमी भावाचे घ्या, पण पोराला शाळेत घाला, असे बाबा पुढे गावोगाव सांगत, त्याचे बीज या वावरात पेरले गेले होते.

देबूजीला पहिली मुलगी झाली, आलोकाबाई. बारशाला जातीची माणसे जमली. रिवाजाप्रमाणे मटण आणि दारू यांची सारे वाट पाहत होते. देबूजीने पानावर गोडाचे वाढले. जातभाई चिडले, कुरकुर झाली, कुळाचार बुडाला म्हणून बोल लागले. देबूजी हसतमुखाने वाढीत राहिला. मायबापहो, आज हे वाचताना सोपे वाटते. पण ज्याला उद्या त्याच भावकीत लेक द्यायची आहे, ज्याचे मढे उद्या त्याच भावकीने उचलायचे आहे, त्याने भर पंगतीत एकट्याने रीत मोडणे ही साधी गोष्ट नव्हती.

१ फेब्रुवारी १९०५ च्या पहाटे देबूजीने घर सोडले. वय अठ्ठावीस वर्षांचे. अंगावर फाटके कपडे, हाती काठी आणि एक मातीचे गाडगे. घरात म्हातारी आई, मुली, आणि कुंताबाईला दिवस गेलेले. या ठिकाणी आपण जरा थांबले पाहिजे. साधूने घर सोडले की आपण त्याचा जयजयकार करतो, आणि मागे चूल कोणी पेटवली हे विचारीत नाही. सखुबाईने आणि कुंताबाईने ती चूल पेटवली, वावर पाहिले, लेकरे वाढवली. बाबांच्या पुण्याईत या दोन बायांचा वाटा आहे आणि तो लहान नाही. बाबांचे चरित्र सांगताना त्यांचे नाव गाळणे हा कृतघ्नपणा ठरेल.

यानंतर बारा वर्षे बाबा फिरत राहिले. एक कान कवडीचा, एक कान बांगडीच्या काचेचा, अंगावर चिंध्यांची गोधडी, डोक्यावर खापर, हातात खराटा. कोणी गोधडेबुवा म्हणत, कोणी चिंधेबुवा म्हणत. त्याच खापरात पाणी प्यायचे, त्याच खापरात भाकर घ्यायची, म्हणून गाडगेबाबा हे नाव पडले. गावात शिरताच कोणाला न विचारता ते रस्ता झाडायला लागत. नाली उपसत, देवळापुढचा उकिरडा काढीत. कोणाची लाकडे फोडून देत, कोणाच्या वावरात निंदण करीत, आणि मग चतकोर भाकर मागत. काम केल्याशिवाय अन्नाला हात लावायचा नाही, हा त्यांचा नेम होता. कित्येक ठिकाणी वेडा म्हणून पोरांनी दगड मारले, चोर म्हणून लोकांनी हटकले. बाबा पुढच्या गावाला निघत.

या काळातले एक काम विशेष सांगण्यासारखे आहे. अमरावती जिल्ह्यात पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन म्हणून क्षेत्र आहे. पौष महिन्यात रविवारी तेथे जत्रा भरते. नदीचा काठ चिखलाचा. ओले लुगडे सावरीत वर चढणाऱ्या बाया घसरून पडत, म्हाताऱ्यांचे हाल होत. जत्रेला येणारे लोक वर्षानुवर्षे हे पाहत होते आणि पुण्य घेऊन घरी जात होते. बाबांनी पाटी आणि फावडे घेऊन काठ नीट करायला घेतला. एकट्याने सुरू केले, मग हात लागत गेले, आणि १९०८ च्या सुमारास तेथे घाटाचे काम उभे राहिले. ऋणमोचन म्हणजे कर्जातून सुटका. सावकाराच्या कर्जात मामा गमावलेल्या माणसाच्या हातून पहिले मोठे सार्वजनिक काम याच नावाच्या ठिकाणी व्हावे, ही पांडुरंगाचीच योजना म्हणायची.

बाबांची कीर्तने पुढे सर्व महाराष्ट्रात गाजली. ते कोणत्याही फडाचे नव्हते. मी कोणाचा गुरू नाही आणि माझा कोणी शिष्य नाही, असे ते सांगत. बोली वऱ्हाडी, शेतातली. मधून तुकोबांचा अभंग, मधून कबीराचा दोहा, आणि गोपालाचा गजर. ते स्वतः फार सांगत नसत, श्रोत्यांनाच विचारीत. देव कोठे राहतो, दगडाच्या देवाला तुम्ही न्हाऊ घालता की तो तुम्हाला घालतो, लग्नापायी किती कर्ज काढले, पोरगा शाळेत जातो का, असे एकामागून एक प्रश्न येत आणि हजारो माणसे एकमुखाने उत्तर देत. बोलता बोलता माणूस स्वतःच्याच तोंडाने आपली चूक कबूल करून बसे. त्या दिवशीचे कीर्तन मात्र सकाळीच सुरू झालेले असे. दिवसभर बाबा गाव झाडीत, लोक लाजेने खराटे घेऊन येत, आणि दिवस मावळल्यावर झाडलेल्या जागेवर बैठक बसे. कीर्तन संपले की पाया पडायला गर्दी होण्याआधी बाबा अंधारात निघून जात.

आता पंढरीची गोष्ट. बाबा आषाढी-कार्तिकीला पंढरपुरास जात, वाळवंट आणि रस्ते झाडीत, यात्रेकरूंची घाण उचलीत. देवळात दर्शनाला मात्र ते जात नसत असे सांगतात. पुष्कळांना याचे नवल वाटे, काहींना रागही येई. त्या काळी वारीत पटकीची साथ येई. घाण पाण्याने आणि माशांनी ती पसरे, आणि माळ घातलेली माणसे चंद्रभागेच्या काठीच देह ठेवीत. तेव्हा बाबांचा खराटा म्हणजे केवळ टापटिपीची आवड नव्हे. त्या खराट्याने वारकऱ्यांचे जीव वाचत होते.

आणखी एक गोष्ट बाबांच्या डोळ्यांना दिसत होती. महाद्वारी श्रीचोखोबांची समाधी आहे. आपण नामदेवपायरीला हात लावतो आणि चोखोबांपुढे माथा टेकतो. त्याच चोखोबांची लेकरे शेकडो कोस चालून येत आणि देवळाच्या बाहेर उभी राहत. कळसाला हात जोडून परत फिरत. हेही एक वेळ सोसले असते. पण आषाढाच्या पावसात त्यांना गावात टेकायला ओसरी मिळत नसे. धर्मशाळा पुष्कळ होत्या, मठ होते, पण त्यांच्यासाठी नव्हते. वाळवंटात भिजत लेकरांना पोटाशी धरून बसायचे आणि चूल पेटेना म्हणून उपाशी निजायचे. आपण वारकरी विठ्ठलाला माउली म्हणतो. माउलीच्या दारात तिचीच लेकरे भिजत होती आणि आपल्या दिंड्या त्यांच्या शेजारून गजर करीत जात होत्या. हे लिहिताना मान खाली जाते, पण लिहिल्यावाचून राहवत नाही.

बाबांनी यावर वाद घातला नाही. त्यांनी पैसा जमवला, जागा पाहिली आणि बांधायला घेतले. पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा उभी राहिली. सालांचा क्रम लक्षात घ्यावा. वर्ध्यात जमनालालजी बजाज यांनी आपल्या घराण्याचे लक्ष्मीनारायणाचे मंदिर हरिजनांना खुले केले ते १९२८ साली, आणि त्याचा केवढा गवगवा झाला. पंढरीच्या श्रीविठ्ठलाचे दार उघडायला १९४७ साल उजाडावे लागले, आणि त्यासाठी साने गुरुजींना मे महिन्यात पंढरपुरात प्राणांतिक उपोषण करावे लागले. परटाच्या एका पोराने निजायला जमीन आणि डोईवर छप्पर दिले ते त्याआधी कितीतरी वर्षे. देवळाचे दार बाबांच्या हाती नव्हते. जे हाती होते ते त्यांनी उघडले.

कोणी विचारील की बाबांनी मराठा धर्मशाळा वेगळी आणि परीट धर्मशाळा वेगळी का बांधली, जातीभेद मानत नव्हते तर ही वाटणी कशाला? प्रश्न रास्त आहे. उत्तर असे दिसते की बाबा समोरच्या पावसाकडे पाहत होते. लोक एका छपराखाली यायला तयार होईपर्यंत गरिबाने भिजावे, हे त्यांना मंजूर नव्हते. कीर्तनात ते जातीवर आसूड ओढीत, आणि दिवसा ज्याला जागा नाही त्याच्यासाठी जागा बांधीत. पुढे १९४९ साली त्यांनी ही चोखामेळा धर्मशाळा डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. पंढरीत ज्यांना निवारा नव्हता त्यांच्या मुलांच्या शिक्षणाला ती वास्तू लागावी, ही त्यात इच्छा. मामाच्या पावतीचे शल्य येथे पुन्हा आठवते.

पंढरपुराखेरीज नाशिक, आळंदी, देहू येथे आणि मुंबईतही धर्मशाळा झाल्या. मूर्तिजापुरास गोरक्षण झाले. आंधळे, पांगळे, महारोगी यांना बाबा स्वतः न्हाऊ घालीत, कपडे देत, पंगतीला बसवीत. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या रयत शिक्षण संस्थेला त्यांनी साहाय्य केले, आणि १९५४ साली कऱ्हाडला निघालेल्या महाविद्यालयाला सद्गुरू गाडगे महाराजांचे नाव दिले गेले. एका अक्षरशत्रू गुराख्याच्या नावाने कॉलेज निघाले! इतका पैसा आला तरी बाबांनी त्याला हात लावला नाही. पैसा विश्वस्तांकडे, हिशेब कागदावर. स्वतःच्या घरच्यांना कोणत्याही संस्थेत हक्क ठेवला नाही. लाखांच्या इमारती उभ्या करणाऱ्याची बायको साध्या झोपडीत राही.

१९२३ साली बाबांचा मुलगा गोविंद गेला. बाबा तेव्हा कोकणात खारेपाटणला होते आणि कीर्तन चालू होते. निरोप आला, बाबांनी ऐकला, आणि गजर थांबवला नाही. कोट्यवधी लोक जातात, त्यात एकासाठी किती रडावे, अशा अर्थाचे काही ते बोलले असे सांगतात. कोणाला हे कठोर वाटेल. पण समोर बसलेल्या शेकडो आयाबापांची लेकरे रोगराईने जात होती, आणि तीच रोगराई थांबवण्याची गोष्ट ते सांगत होते. तो बाप आतून किती तुटला असेल ते एक पांडुरंग जाणे.

वर्धा जिल्ह्यातल्या आपल्या मंडळींना खराट्याची महती निराळी सांगायला नको. महात्मा गांधी १९३६ साली वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला आले, त्या गावाचे पुढे सेवाग्राम झाले, आणि तेथे गावसफाई हा नित्याचा धर्म ठरला. त्याच वर्षी मनोहरजी दिवाणांनी दत्तपूरला महारोग्यांची सेवा मांडली. १९४६ पासून विनोबाजी पवनारहून रोज सुरगावला चालत जात आणि तेथला मैला साफ करीत. हे सारे थोर पुरुष शिकलेले, ग्रंथ वाचलेले. विचार करून ते खराट्यापर्यंत आले. बाबा खराट्यापासूनच निघाले होते, आणि तेही १९०५ साली, जेव्हा गावसफाई हा शब्दही कोणी ऐकला नव्हता. म्हणून दोन्ही तीरांवरच्या खेडुताला बाबा आपल्यातले वाटतात. ते त्याच्यासारखे बोलत, त्याच्यासारखे राबत.

८ फेब्रुवारी १९५२ रोजी गाडगे महाराज मिशनची स्थापना झाली आणि पसरलेल्या कामाला एक घर मिळाले. देह थकत चालला होता, मधुमेहाने पोखरला होता, तरी फिरणे थांबले नाही. ८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्र्याला पोलिसांपुढे कीर्तन झाले. त्याचे ध्वनिमुद्रण झाले, म्हणून तो आवाज आजही ऐकता येतो. ६ डिसेंबरला बाबासाहेब आंबेडकर गेले. बाबांना ते दुःख फार लागले. त्यानंतर चौदाच दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीकडे जात असता वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर मोटारीतच बाबांनी देह ठेवला. घर सोडलेल्या माणसाला मरणही वाटेवरच आले. अमरावतीस जेथे त्यांचा अंत्यविधी झाला तेथे आज गाडगेनगर आहे.

माझे देऊळ बांधू नका, मूर्ती करू नका, असे बाबा सांगून गेले. लोकांनी ते ऐकले नाही, लोकांचे प्रेम ऐकत नसते. २००० साली महाराष्ट्र सरकारने त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छतेची मोहीम काढली. २००५ साली अमरावतीच्या विद्यापीठाला त्यांचे नाव मिळाले. हे सर्व चांगलेच आहे. परंतु नाव देणे सोपे, काम घेणे अवघड.

माळकरी बंधुभगिनींनो, घोराडला केजाजी महाराजांच्या उत्सवाला जाल, कौंडिण्यपुराहून पालखीबरोबर निघाल, तेव्हा दोन गोष्टी आठवा. दिंडीचा मुक्काम पडला की टाळ काढण्याआधी एकाने खराटा काढावा, आणि निघताना ते मैदान आलो तेव्हा होते त्याहून स्वच्छ सोडून निघावे. आणि रात्री पंगत बसली, सर्वांच्या पथाऱ्या पडल्या, की विणेकऱ्याने एकदा कंदील घेऊन बाहेर फिरून यावे. ओसरीखाली कोणी पावसात कुडकुडत तर बसले नाही ना, कोणाला आपण जात विचारून परत तर धाडले नाही ना, हे पाहावे. कोणी दिसले तर आत बोलवावे. त्याला बोलावल्यावाचून केलेला हरिपाठ पांडुरंगाच्या कानी कसा पोचेल? बाबा पंढरीला जाऊन देवळात का जात नसत, याचे उत्तर त्या कंदिलाच्या उजेडात आपोआप सापडेल.

रामकृष्णहरि!